सजीवांकडून धंद्याने तग धरण्याबद्दल काय शिकावं?

तुम्ही विचारलंय, सजीव सृष्टीकडून धंद्याने तग धरायला काय शिकावं. मला ते ठेच लागून कळलं, म्हणून लिहितो.

माझं टर्निंगचं, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापून भाग घडवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. चार सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, अकरा माणसं. गिऱ्हाइकं तीन, म्हणून मी निर्धास्त होतो. एक गेलं तरी दोन आहेत. २०१९ मध्ये गाड्यांचा खप पडला आणि एकाच आठवड्यात तिघांचीही शेड्यूल निम्म्यावर आली. तिघांचा माल शेवटी एकाच दुचाकी कंपनीला जात होता. बिलं तीन नावांनी निघत होती, गिऱ्हाईक एकच होतं.

केळीचं अगदी असंच झालं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात जगाच्या बाजारात जाणारी केळी मुख्यतः ग्रो मिशेल या एकाच जातीची. केळी बियांवर नाही, मुनव्यांवर, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांवर वाढवतात. त्यामुळे मध्य अमेरिकेतल्या त्या अफाट बागा म्हणजे एकाच झाडाच्या नकला. जमिनीतून पनामा मर रोगाची बुरशी आली. ती एका झाडाला बाधली म्हणजे सगळ्यांनाच बाधणार होती. १९६० च्या सुमारास निर्यातदारांना ती जात सोडून कॅव्हेंडिशवर यावं लागलं, आणि मग त्यांनी सगळीकडे कॅव्हेंडिशच लावली! आपल्या जळगावची ग्रँड नैनही त्याच गटातली. आता बुरशीचा टीआर-४ हा प्रकार तिच्याही मुळावर उठलाय.

आमचे आजोबा बाजरीत तूर पेरायचे. बाजरी तीन महिन्यांत हाती येते, तूर सोटमूळ खोल सोडून पुढे कितीतरी दिवस उभी राहते. दोघींची तहान वेगवेगळ्या वेळची, म्हणून एकाच उघडिपीत दोन्ही सहसा जात नाहीत. संख्या दोन असण्यापेक्षा हा फरक मोलाचा.

दुसरी गोष्ट जखमेची. कातडी कापली की कडेच्याच पेशी सरकत येऊन ती झाकतात. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये कारिया इथल्या आयसिन सेकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक व्हॉल्व्ह तिथेच बनायचा आणि साठा जेमतेम काही तासांचा. लाइनी थांबल्या. मग ड्रॉइंग वाटली गेली आणि कितीतरी कंपन्यांनी, शिलाई मशीनवाल्या ब्रदरनेसुद्धा, हाताशी असलेल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह काढून दिला. आठवडाभरात बहुतेक काम सुरू झालं. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की ज्यांचं ते रोजचं काम नव्हतं त्यांनाही ते करता आलं.

माझ्याकडे सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवून देणारा, एकच होता. आता दोन ऑपरेटरना ऑफसेट द्यायला, म्हणजे हत्याराची मापं मशीनमध्ये भरायला शिकवलंय. एक मशीन शेतीपंपाच्या जॉबला लावलं. त्यात मार्जिन कमी, शिवाय सेटिंग बदलण्यात आठवड्याला अर्धी पाळी जाते. अकाउंटंट दर वर्षी तो आकडा पुढे करतो. तरी मी ते मशीन काढत नाही.

मात्र निसर्गाचं सगळंच उचलू नका. तिथे जात टिकते ती असंख्य जीव मरून. माझ्या शेडमध्ये अकरा घरांच्या चुली आहेत, तो हिशेब मला लावता येणार नाही.

तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकापुढे त्याचा माल पुढे कुणाकडे जातो ते लिहून बघा. पुरवठादारांचंही तसंच करा. माझा स्टीलचा बार अजून एकाच व्यापाऱ्याकडून येतो. दुसऱ्याचे नमुने गेल्या आठवड्यात आलेत, सध्या ते तपासतोय.