हँडलआधी स्प्रिंग ठरव

तू बनवणार असलेल्या हँड ग्रिपरचं, म्हणजे मूठ आवळून पकड वाढवायच्या साधनाचं, रेखाटन पाहिलं. हँडलवर छान मेहनत घेतली आहेस, पण ग्रिपरचा जीव स्प्रिंगमध्ये असतो.

या टॉर्शन स्प्रिंगचा, म्हणजे टोकं फिरवली की जोर लावणाऱ्या वेटोळ्याच्या स्प्रिंगचा, ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून तार फक्त १० टक्के जाड केलीस, तरी ग्रिपर सुमारे ४६ टक्के कडक होतो! ५ मिमीवरून थेट ६ मिमीवर गेलास तर जोर दुपटीहून जास्त लागेल. नवशिके इथे सहज फसतात. बारीक फरक हवा असेल तर वेढे वाढव किंवा वेटोळं मोठं कर, दोन्हींनी स्प्रिंग नरम पडते.

मूठ आवळताना वेटोळं घट्ट झालं पाहिजे, उलगडता कामा नये. तार वळवून झाल्यावर तिच्यातले अंतर्गत ताण उष्णता देऊन काढून घे, नाहीतर ग्रिपर लवकर सैल पडेल.

हँडल तारेवर जास्त वर सरकवलंस की बोटं वेटोळ्याजवळ येतात, तरफ आखूड होते आणि तोच ग्रिपर जड लागतो. दोन्ही हँडल सारख्याच उंचीवर बसव. पकडीसाठी हँडलवर बारीक नर्लिंग, म्हणजे कोरलेली खरबरीत नक्षी, पुरे. खरखरीत केलंस तर तळहात आधी सोलतो, स्नायू नंतर थकतात.

ग्रिपर किती किलोचा तो आकडा मोजूनच लिही: एक हँडल आडवं पकडून दुसऱ्याच्या टोकाला वजनं टांग, दोन्ही हँडल एकमेकांना टेकतील तेव्हाचं वजन हाच तो आकडा. वजन कुठे टांगलंस तेही नोंदव, कारण जागा बदलली की आकडा बदलतो. आणि ही चाचणी घेताना डोळ्यांवर सुरक्षेचा गॉगल हवाच.