कोटीची गाडी घेऊ का? अंबडच्या एका कारखानदाराला उत्तर

प्रश्न: वय ४६. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भावाबरोबर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवतो. माझा पगार कर जाऊन हातात ४ लाख २० हजार. घराचा हप्ता ६२ हजार, एसआयपी ७५ हजार, घरखर्च दीड लाख. एफडी ४० लाख. घरात आम्ही दोघं, मुलगी अकरावीत (नीटची तयारी), मुलगा सातवीत, आई आणि सासूबाई. २०१७ची इनोव्हा क्रिस्टा आहे. आता सात आसनी लक्झरी एसयूव्ही घ्यायची आहे. व्होल्वोची एक्ससी९० आणि ऑडीची क्यू७ पाहून आलो. ३२ लाख भरले तर ८५ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी ९ टक्क्यांनी मिळतंय. सीए म्हणतात कंपनीच्या नावावर घ्या. मित्र म्हणतो तीन-चार वर्षं जुनी घे. मिसेस म्हणतात, इनोव्हा हायक्रॉस घ्या आणि गप्प बसा. काय करू?

उत्तर: ८५ लाखांचं कर्ज काढू नका. कंपनीच्या नावावरही घेऊ नका. जुनी घ्यायला माझी हरकत नाही, पण आज नाही. मिसेसच्या सल्ल्याकडे शेवटी येतो, तोवर तो हसण्यावारी नेऊ नका.

तुम्ही गाडीची किंमत विचारात घेतलीत, हप्ताही घेतलात. तिसऱ्या वर्षी काय होईल ते मात्र तुमच्या पत्रात नाही, आणि माझ्या ओळखीत ज्यांचे हात पोळले त्या सगळ्यांचे तिसऱ्या-चौथ्या वर्षीच पोळले.

हिशेब सोपा धरू. एक्स-शोरूम एक कोटी. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १३ लाख. डिझेल असती तर १५ टक्के. विमा तीनेक लाख. टीसीएस, म्हणजे विक्रेता आधीच कापून घेतो तो आयकर, १ टक्का, म्हणजे एक लाख. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातोच. झाले १ कोटी १७ लाख. तुमचे ३२ आणि बँकेचे ८५ इथे बरोबर जुळतात, शोरूमवाल्याने गणित चोख मांडलंय.

हप्ता बसतो १ लाख ३७ हजारांच्या आसपास. सात वर्षांत व्याज ३० लाख. आता तुमच्या घराचं पान बघा. ४ लाख २० हजारांतून ६२, ७५ आणि दीड लाख वजा केले की उरतात १ लाख ३३ हजार. हप्ता भरायलाच चार हजार कमी पडतात, आणि अजून पेट्रोल, सर्व्हिसिंग, दुसऱ्या वर्षीचा विमा मोजलेलाच नाही. मग काय होतं ते मला पाठ आहे: एसआयपी ‘थोडे दिवस’ थांबते. हे थोडे दिवस सात वर्षं चालतात. ७५ हजारांची एसआयपी सात वर्षं चालू राहिली आणि सरासरी ११ टक्के सुटले (याची हमी कोणी देत नाही, मीही नाही), तर साधारण ९४ लाख होतात. मुलाच्या शिक्षणाचे पैसे तेच आहेत ना?

आता तिसरं वर्ष. ३६ हप्ते भरून झाले, तरी बँकेचे सुमारे ५५ लाख बाकी आहेत. मोठ्या ऑर्डरवाल्या गिऱ्हाइकाने हात आखडता घेतला आणि गाडी विकायची वेळ आली. उदार मनाने ६० लाख धरू; बाजार एवढे देईलच असं नाही. बँक आपले काढून घेते, तुमच्या हातात पाच लाख येतात. तोवर तुम्ही भरलेले असतात ३२ लाख रोख आणि ४९ लाखांचे हप्ते. ८१ लाख देऊन पाच लाख परत.

तुमच्यासारख्यांच्या बाबतीत मला याची जास्त काळजी वाटते. पत्रात लिहिलं नाहीत, पण भावाभावांची अंबडमधली कंपनी म्हटल्यावर सीसी लिमिट (धंदा चालवायला बँकेने दिलेली कर्जमर्यादा) असणार, आणि तिला बहुतेक राहतं घर तारण असणार. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा नियम आहे. तुमच्या वसुलीच्या वहीत किती नावं ९० दिवसांच्या पुढे गेली आहेत ते तुम्हीच बघा. धंदा मंदावला की पगार कमी घ्यायचा, हा लहान कंपनीच्या मालकाचा पहिला उपाय. १ लाख ३७ हजारांचा हप्ता डोक्यावर असला की तो उपायच हातातून जातो.

सीए चुकीचं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. कंपनीच्या नावावर गाडी घेतली की दरवर्षी १५ टक्के घसारा (गाडीची घटलेली किंमत खर्च म्हणून) मिळतो, कर्जाचं व्याज खर्चात दाखवता येतं, आणि पैसा तुमच्या पगारातून कर कापून न येता थेट कंपनीतून जातो. हे खरंच फायद्याचं आहे. पण महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला रोड टॅक्स २० टक्के पडतो. एक कोटीवर सात लाख जादा, तेही पहिल्याच दिवशी. प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेला कर पुढे वळता करून घेण्याची सोय, तुम्हाला मिळत नाही. मशिनवर मिळतं तसं इथेही मिळेल, अशी बऱ्याच कारखानदारांची समजूत असते. घसाऱ्याचं म्हणाल तर १ कोटी २० लाखांवर पाच वर्षांत मिळून ६६-६७ लाख घसारा होतो आणि कंपनीचा कर २५.१७ टक्क्यांनी धरला तर वाचतात साधारण १७ लाख. त्यातून रोड टॅक्सचे सात वजा करा. गाडी वर्षाच्या उत्तरार्धात घेतलीत आणि १८० दिवसांपेक्षा कमी वापरलीत, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच. आई-सासूबाईंना त्र्यंबकेश्वरला नेण्याचा खर्च धंद्याचा कसा, हे अधिकाऱ्याने विचारलं तर उत्तर तयार ठेवावं लागेल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नाही: त्या कंपनीत अर्धा वाटा भावाचा आहे. उद्या त्याच्या घरून ‘मग आम्हालाही’ असं आलं तर? तो शब्दाने काही बोलणार नाही कदाचित. भागीदारीतली सगळी भांडणं शब्दाने सुरू होतात असंही नाही.

जीएसटीचं काय, असं तुम्ही विचाराल. मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के कर आणि २२ टक्के सेस मिळून ५० होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे सरसकट ४० झाले. कोटीच्या गाडीमागे सहा-सात लाख उतरले. चांगलं झालं. पण सात लाख वाचले म्हणून ८५ लाखांचं कर्ज काढायचं, हे ‘सेल आहे’ म्हणून चार पैठण्या आणण्यासारखं आहे.

आता मित्राचा सल्ला. तीन-साडेतीन वर्षं जुनी, एका मालकाची, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नियमित गेलेली गाडी साधारण निम्म्या किमतीला मिळू शकते. पहिली आणि सगळ्यात मोठी घसरण दुसऱ्याने सोसलेली असते. मला हा मार्ग पटतो, पण एक गोष्ट लक्षात घ्या: गाडी अर्ध्या किमतीत मिळते, तिचे पार्ट पूर्ण किमतीतच मिळतात. विमा कंपनी आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ठरवताना दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, तीन ते चारला ४० आणि चार ते पाचला ५० टक्के घसारा लावते. म्हणजे गाडीची कागदावरची किंमत खाली जात राहते, आणि हेडलाइटची, सस्पेन्शनची, गिअरबॉक्सची किंमत उलट वर. पाच वर्षांनंतर झिरो-डेप (घसारा न कापता पार्टचे पैसे देणारा विमा) देताना बऱ्याच विमा कंपन्या कुरकुरतात, तेव्हा बंपरचाही मोठा भाग तुमच्या खिशातून.

माझ्याकडे येणाऱ्या एका द्राक्ष निर्यातदाराची गोष्ट. पिंपळगावकडचे. एअर सस्पेन्शनची मोठी गाडी, वॉरंटी संपून चार महिने झालेले. सकाळी उठून पाहतात तर पुढची डावी बाजू बसलेली. नाशकात काम होईना म्हणून फ्लॅटबेडवर मुंबईला गेली, अकरा दिवस तिकडेच राहिली, बिल अडीच लाखांच्या वर. ऐन हंगामात ते बागेत बायकोच्या स्कूटीवरून फिरत होते. नंतर हसत हसत सांगितलं त्यांनी. त्या अकरा दिवसांत मात्र फोनवर त्यांच्याशी बोलवत नव्हतं.

दुसरे गंगापूर रोडचे एक डॉक्टर. गाडीवर बेहद्द खूश. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून मुंबईला जाता येतं, आणि ते सांगतात की एवढ्या प्रवासात मागे बसलेल्या वडिलांची पाठ एकदाही बोलत नाही. एकदा महामार्गावर मागून टेम्पोने ठोकलं, गाडीचा मागचा भाग चेपला, आत सगळे धडधाकट. या गोष्टीला रुपयांत किंमत लावायला मी बसत नाही. पण याच डॉक्टरांच्या तक्रारीही ऐका. तिसरी रांग उभी केली की मागे दोन बॅगाच मावतात. रविवार कारंजा आणि भद्रकालीच्या गल्ल्यांत पाच मीटरची गाडी घेऊन जाण्याचा नाद त्यांनी सोडलाय, तिथे ते रिक्षाने जातात. सिंहस्थासाठी रस्ते खोदायला लागल्यापासून मोठ्या रिम आणि पातळ टायरचं दुखणं वाढलंय. चार टायरचा संच दीड-दोन लाख, आणि त्यांच्या गाडीत पूर्ण आकाराची स्टेपनीच नाही. ही गाडी त्यांनी रोखीने घेतली होती, हेही सांगायला हवं. त्यांचं समाधान आणि तुमचा हप्ता एका तराजूत घालू नका.

मग करायचं काय?

मुलगी अकरावीत आहे. दीड वर्षात नीटचा निकाल लागेल. सरकारी कॉलेज मिळालं तर सोन्याहून पिवळं. खासगीत जायची वेळ आली तर वर्षाची फी दहा लाखांच्या पुढे जाऊ शकते, आणि ती साडेचार वर्षं भरायची असते. हा आकडा कळल्याशिवाय गाडीचा आकडा ठरवू नका. तोवर क्रिस्टा आहेच. २०१७ची असली तरी ती तुम्हाला रस्त्यात सोडणारी गाडी नाही.

या दीड वर्षात दर महिन्याला ७७ हजार रुपये वेगळ्या लिक्विड फंडात टाका. हा आकडा हवेतला नाही: ३० लाखांचं जुन्या गाडीचं कर्ज, चार वर्षं, ११ टक्के, याचा हप्ता तेवढाच येतो. एसआयपीला हात न लावता हे जमलं तर दीड वर्षाने १४ लाख जमलेले असतील आणि कर्ज निम्म्यावर येईल. एखाद्या महिन्यात जमलं नाही, तर का जमलं नाही ते वहीत लिहून ठेवा. तीच कारणं गाडी आल्यावरही येणार आहेत.

निकाल मनासारखा लागला तर ५० लाखांपर्यंतची जुनी गाडी बघा. एफडीतले २० लाखांहून जास्त मोडू नका. उरलेल्यातले पाच लाख ‘गाडीची दुरुस्ती’ असं नाव देऊन बाजूला ठेवा, आणि ते नसतील तर गाडीही नको. घेताना अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण तपासणी करून घ्या, वाढीव वॉरंटी मिळते का ते आधी विचारा. गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी सात वाजता स्वतः जाऊन बघा, कुठला कोपरा बसलाय का ते. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय का ते पाहिल्याशिवाय टोकनही देऊ नका. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते; पण इकडे आणल्यावर एनओसी, पुन्हा रोड टॅक्स आणि आरटीओच्या खेपा तुमच्या माथी.

आणि निकाल मनासारखा लागला नाही, फी भरायची वेळ आली, तर हायक्रॉस. मिसेसचं म्हणणं तेव्हा जसंच्या तसं मान्य करा. खरं तर मला विचाराल तर आजही तेच बरोबर आहे: सहा माणसं आरामात बसतात, हायब्रीडला पेट्रोल कमी लागतं, दुरुस्तीला मुंबई गाठावी लागत नाही, आणि विकायला काढली की घासाघीस फार करावी लागत नाही. पण तुमच्या पत्रात एक्ससी९० तुम्ही स्वतः जाऊन पाहिलीत आणि हायक्रॉसचं नाव आलंय ते दुसऱ्याच्या तोंडून. हौस आहे, ती मला दिसते. म्हणूनच दीड वर्ष मागतोय, नाही म्हणत नाही.

एक छोटं काम मात्र याच रविवारी करा. मिसळ खायला निघाल तेव्हा वाटेत शोरूमला थांबा आणि आई व सासूबाईंना त्या गाडीत चढायला लावा. तिसऱ्या रांगेत नको, दुसऱ्याच. दोघींच्या गुडघ्यांना ती उंची झेपते का, हात धरायला कुठे आहे, उतरताना कोणाचा आधार लागतो, हे बघा. डॉक्टरांच्या आई अजूनही पुढच्या सीटवर बसायला प्लास्टिकचं छोटं स्टूल घेऊन निघतात. ते डिकीत असतं, दोन बॅगांच्या मध्ये.