'द साउंड ऑफ म्युझिक' आता पुन्हा पाहिला तर आवडेल का?

आवडेल, पण वेगळ्याच माणसांमुळे.

तुम्ही लिहिलंय की शाळेत असताना सिनेमा जवळपास पाठ होता, आता मुलीला दाखवायचाय, पण आपल्यालाच तो गोडमिट्ट वाटला तर काय, ही धास्ती आहे. गोड तर तो आहेच. सात मुलांच्या विधुर बापाचं, म्हणजे कॅप्टनचं, काम करणारा क्रिस्टोफर प्लमरच पुढे कित्येक वर्षं त्याची टिंगल करायचा. पहिला भाग तुम्हाला आठवतोय तसाच निघेल: डोंगर, पडद्याच्या कापडाचे कपडे, सात मुलं, त्यांचं सारेगम. (आपल्यापैकी बऱ्याच जणांना ही गोष्ट आधी गुलजारांच्या 'परिचय'मधून भेटली, तो भाग वेगळा.) तिथे मुलांना सांभाळायला आलेली मारिया झालेल्या ज्युली अँड्र्यूजचा गळा ऐकत बसावं, बाकी फारसं नवं काही हाती लागत नाही.

लहानपणी मी कॅप्टनशी लग्न करू पाहणाऱ्या बॅरोनेसचा मनापासून रागराग करायचो आणि कॅप्टनचा मित्र मॅक्स म्हणजे गमतीशीर काका वाटायचा. आता सगळं लक्ष या दोघांकडेच जातं. मॅक्स मित्राच्या घरी मस्त पाहुणचार झोडतो, महोत्सवासाठी गाणारी मंडळी शोधत हिंडतो. ऑस्ट्रियावर नाझी जर्मनीचं सावट आहे, तरी जे व्हायचं ते होणारच, आपल्या वाट्याला येणार नाही एवढं बघावं, असं तो सहज बोलून जातो आणि कॅप्टन भडकतो. असे काका आता माझ्या ओळखीचे आहेत, सोसायटीच्या मीटिंगमध्येही भेटतात. माणसं वाईट नसतात. मॅक्ससुद्धा शेवटी स्टेजवर उभा राहून बक्षिसं जाहीर करताना मुद्दाम वेळ काढतो आणि कॅप्टनच्या कुटुंबाला नाझींच्या हातून निसटायला मदत करतो.

गंमत अशी की १९६५च्या या सिनेमात दोघांनाही एकसुद्धा गाणं नाही. १९५९च्या ब्रॉडवेवरच्या मूळ नाटकात होती. एका गाण्यात तर दोघं मिळून कॅप्टनला समजावतात की वारं फिरलंय, तुम्ही आडवे पडून ते थांबणार नाही, तेव्हा जुळवून घ्या. नाटकात लग्न फिसकटतं ते यावरून, राजकारणावरून. सिनेमात मारियावरून. इथे सिनेमावाले कचरले असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्याबदल्यात बॅरोनेस झालेल्या एलिनॉर पार्करला सज्जातला तो प्रसंग मिळाला. बॅरोनेसला सगळं कळून चुकलंय, कॅप्टन शब्द शोधतोय, आणि त्याला ते बोलायला लागू नये म्हणून ती स्वतःच लग्न मोडून मोकळी होते. चेहऱ्यावर हसू, मान ताठ. तिच्या बाजूनं तो प्रसंग पाहा.

रोल्फच्या बाबतीत मात्र सिनेमा नाटकापेक्षा कठोर आहे. टेलिग्राम आणणारा, कॅप्टनच्या थोरल्या लीझलसोबत बागेत नाचणारा हाच तो पोरगा, आता नाझी झालेला. मठाच्या आवारात थडग्यांमागे कुटुंब लपलेलं असतं तिथे तो पिस्तूल रोखून उभा राहतो. कॅप्टन हळू आवाजात बोलत एकेक पाऊल पुढे येतो आणि पिस्तूल काढून घेतो. खरं तर विषय तिथे मिटला होता. पण वर तो म्हणतो की तू त्या नाझींतला कधीच होणार नाहीस. ते लागतं, आणि रोल्फ ओरडून सगळ्यांना बोलावतो. नाटकात तो त्यांना जाऊ देतो. माझ्या घरात आता त्याच वयाचा मुलगा आहे, त्यामुळे ते एक जास्तीचं वाक्य मला फार टोचतं. ते चुचकारणं होतं की हिणवणं, यावर आमच्याकडे वाद झाला आणि मिटला नाही.

आणखी एक, त्या घरचा बटलर फ्रान्झ. रात्री सगळे मिळून इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत फाटकाबाहेर नेतात, तेव्हा वर खिडकीतून तो बघत असतो. बोलत काहीच नाही. मार्च १९३८मध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला त्याआधीच किती घरांत असे नाझींना मिळालेले फ्रान्झ तयार होते, हे लहानपणी कुठून कळणार?

खरा इतिहास शोधायला गेलात तर थोडा हिरमोड होईल. खऱ्या मारियाचं लग्न १९२७मध्येच झालं होतं आणि कुटुंब डोंगर चढून नव्हे, ट्रेननं इटलीत गेलं. साल्झबर्गहून डोंगर ओलांडला असता तर थेट हिटलरच्या जर्मनीतच उतरले असते! कॅप्टन गातो ते 'एडलवाइस'सुद्धा ऑस्ट्रियाचं लोकगीत नाही. नाटकाचा गीतकार हॅमरस्टीन, त्यानं नाटकासाठी लिहिलेलं ते त्याचं शेवटचं गाणं. सिनेमात तो गाता आवाज प्लमरचा नसून बिल ली या गायकाचा आहे, पण प्लेबॅकवर वाढलेल्या आपल्याला त्याचं काय! महोत्सवात गाता गाता कॅप्टनचा गळा दाटतो आणि मारिया सूर उचलते, तिथे माझं अजूनही पाणी होतं.

मुलीला दाखवताना एक करा. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा आहे आणि मारिया चिठ्ठी ठेवून निघून जाते तिथे त्याला मध्यंतर आहे. त्या रात्री तिथेच थांबा, उरलेला दुसऱ्या दिवशी. मुलगी सात-आठ वर्षांची असेल तर थडग्यांच्या प्रसंगाला शेजारी बसा, चहा टाकायला उठू नका.