गोष्ट राहू दे, ते एक वाक्य मागे घे

"मावशी, मी २२ वर्षांची आहे. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. बी.ए. झालं, आता घरी राहून पोलीस भरतीची तयारी करते. तीन वर्षांपासून 'द व्हॅम्पायर डायरीज' या मालिकेच्या चाहत्यांच्या एका टेलिग्राम ग्रुपमध्ये होते. तिथं मी फॅनफिक लिहायची, म्हणजे मालिकेतली पात्रं घेऊन आपल्या गोष्टी. तिथंच एक मैत्रीण मिळाली. आम्ही भेटलो कधीच नाही, पण रोज रात्री बोलायचो. मागच्या वर्षी तिचं जमलेलं लग्न मोडलं, तेव्हा रात्र रात्र मीच तिच्याशी बोलत बसले. आता त्याच मुलाकडून पुन्हा निरोप आलाय. दिवाळीनंतर मी एक गोष्ट टाकली, तीत मालिकेतली कॅरोलाइन डेमन या रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरला माफ करत नाही. ग्रुपवर भडका उडाला. सगळ्यांत जास्त माझी मैत्रीणच बोलली. 'तुला प्रेम काय असते ते समजतच नाही,' म्हणाली, मला ग्रुपमधून काढलं आणि ब्लॉक केलं. दीड महिना झाला. जेवण जात नाही, झोप लागत नाही. रात्री दुसऱ्या नंबरवरून ग्रुपमध्ये जाऊन कोण काय बोलते ते पाहत बसते. आईला वाटते, पोराचं काहीतरी आहे. एका खोट्या मालिकेपायी मी एवढं रडावं का? गोष्ट डिलीट करून माफी मागून टाकू का? गोष्ट सोबत पाठवली आहे."
— जागलीवाली

पोरी, आधी दोन घास खाऊन ये, मग पुढचं वाच. भरतीचे आठशे मीटर उपाशीपोटी धावता येत नाहीत.

मालिकेपायी रडावं का, असं तू विचारतेस. मालिका तर मार्च २०१७ मध्येच संपली. डेमनच्या भावानं, स्टेफननं, जीव दिला, डेमन माणूस झाला, हे सगळं ठाऊक असूनच तू त्या ग्रुपमध्ये गेलीस. तेव्हा कोणी गेल्याचं रडू आलं असेल तर ते तेव्हाच आटलं. आताचं रडू तुझ्या मैत्रिणीचं आहे. तीन वर्षं रोज रात्री जिला दिवसभराचं सांगायचीस, ती एका संध्याकाळी दार लावून निघून गेली. शेजारची मैत्रीण अशी तुटली असती तर गावात चार जणींनी तुला विचारलं तरी असतं. हिचं नावही कोणाला माहीत नाही, म्हणून तुला एकटीलाच रडावं लागतंय.

मी अकरावीत होते तेव्हा मासिकांत पत्रमैत्रीचं पान यायचं. त्यावरून मला रत्नागिरीकडची एक मैत्रीण मिळाली. चार वर्षं आमची आंतरदेशीय पत्रं चालली. तिनं मला समुद्र सांगितला, मी तिला कपाशीची पऱ्हाटी सांगितली. एकदा तिच्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल मी काहीतरी खोचक लिहिलं आणि पत्रं थांबली. पोस्टमन फाटकापाशी दिसला की मी धावत सुटायची. माझ्या आईनंही तेव्हा तेच धरलं होतं, जे आज तुझ्या आईनं धरलंय. त्या एका ओळीची माफी मी मागायला हवी होती. मागितली नाही. तिचा पत्ता मला अजून पाठ आहे.

आता तुझ्या गोष्टीकडे येते. मालिका मी पाहिलेली नव्हती. भाचीला जवळ बसवून पहिला सीझन पाहिला, दुसऱ्यातले काही भाग पाहिले, बाकीचं तिच्याकडून ऐकलं. १७१ भाग आहेत म्हणे. पण जेवढं पाहिलं तेवढ्यावरून तुझी कॅरोलाइन मला समजली. पहिल्या सीझनमध्ये डेमन तिच्या डोळ्यांत पाहून तिची इच्छाच काढून घेतो, तिचं रक्त पितो, आणि ती पोरगी गळ्यावरच्या दातांच्या खुणा स्कार्फखाली झाकत हिंडते. पुढं ती स्वतः व्हॅम्पायर होते तेव्हा तिला सगळं आठवतं. ती त्याला उचलून आपटते. आणि मग मालिका आपल्या वाटेनं पुढं निघून जाते. तुला ते पुढं जाणं पटलं नाही. तू तिथंच थांबलीस.

थांबलीस ती आपल्या शिवारात. डिसेंबरची रात्र आहे. लाइन रात्रीच येते म्हणून बाप हरभऱ्याला पाणी द्यायला गेला आहे. रानडुकरं येतात म्हणून म्हातारी आजी जागलीवर आहे. तिच्या मागं घोंगडं पांघरून कॅरोलाइन बसली आहे आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, डेमन उभा आहे. व्हॅम्पायरला घरात यायला घरच्या माणसानं 'ये' म्हणावं लागतं, हा त्या मालिकेचा नियम. पण जागलीच्या खोपडीला दारही नाही आणि उंबरठाही नाही. मग तिला घर म्हणायचं की नाही? तो पाय उचलतो, पुन्हा खाली ठेवतो. म्हातारी शेकोटीत काडी सारते आणि विचारते, "कोन व्हय रे तिकडं?" मग मागं वळून कॅरोलाइनला विचारते, "येऊ देऊ काय वं याले?" ती नाही म्हणते. म्हातारी दुसऱ्यांदा विचारत नाही.

हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. ज्यानं रात्रीची जागल पाहिली नाही, त्याला हे सुचणार नाही. इंग्रजी पात्रांच्या तोंडी तू वऱ्हाडी घातलीस आणि ती परकी वाटली नाहीत.

तुझ्यासारखाच आपल्या मुलखातला एक जण आठवला. भवभूती. विदर्भातल्या पद्मपूरचा. गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ जे पद्मपूर आहे, तेच त्याचं गाव मानतात. आठव्या शतकातला हा नाटककार. त्यानं 'मालतीमाधव'मध्ये नायकाला रात्री मसणात, भुताखेतांच्या गर्दीत उभं केलं आहे. तेव्हाही नावं ठेवणारे होतेच. त्यांना त्यानं त्याच नाटकाच्या सुरुवातीला उत्तर दिलं: माझ्यासारखाच कोणी 'समानधर्मा' कधीतरी जन्माला येईल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. मी हे वर्गात पुष्कळदा शिकवलं. पण दारव्ह्याकडच्या एका पोरीला रात्री फोनवर आपला समानधर्मा सापडतो, हे तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं. तुम्हा चाहत्यांना 'रिकामटेकडे' म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. ती मैत्रीण तुझी समानधर्मा होती. म्हणूनच एवढं लागलंय.

आता जे सांगते ते ऐकायला बरं वाटणार नाही.

गोष्टीच्या खाली तू एक टीप लिहिली आहेस. "डेमन आवडणाऱ्या मुलींना स्वतःची किंमत नसते." पाठवलेल्या प्रतीत ती आहे, पण पत्रात तिच्याबद्दल एक अक्षर नाही. ते वाक्य लिहिताना तुझ्या मनात कोण होतं, हे मी विचारत नाही. पण ते वाचताना तिच्या मनात कोण आलं असेल, हे मला दिसतं. जिचं लग्न मोडलं, जिला त्याच मुलाचा पुन्हा निरोप आलाय, जी रात्री झोपताना ठरवत असेल की चुकलेला माणूस सुधारतो का. डेमन तिच्यासाठी त्या प्रश्नाचं उत्तर असेल. आणि जिला तिनं सगळं सांगितलं होतं, तिनंच चारशे लोकांसमोर लिहिलं की अशा मुलींना किंमत नसते. तो मुलगा सुधारला की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. तो तिनं तुला विचारलेला नव्हता.

म्हणून टीप काढ आणि तेवढ्याचीच माफी माग. गोष्टीतली ओळसुद्धा हलवू नकोस. कॅरोलाइननं माफ करायचं की नाही, हे लिहायचा तुला पूर्ण हक्क आहे. "कॅननमध्ये, म्हणजे मूळ गोष्टीत, असं नाही" असं कोणी ऐकवलं तर त्यांना एल. जे. स्मिथ यांचं सांग. डेमन, स्टेफन आणि नायिका एलेना ही पात्रं या बाईंची, पहिली पुस्तकं १९९१ मधली. पण करारात लेखनाचे हक्क त्यांच्याकडे नव्हते. मालिका ऐन जोरात असताना, २०११ मध्ये, त्यांना त्यांच्याच पुस्तकांवरून काढलं आणि पुढची पुस्तकं दुसऱ्यांकडून लिहून घेतली. मग त्यांनी काय केलं? आपल्याच पात्रांची पुढची गोष्ट फॅनफिक म्हणून लिहिली. डेमनला जन्म देणाऱ्या बाईंनाच त्याच्या गोष्टीत चाहती म्हणून यावं लागलं. तिथं तुझ्या ग्रुपमधल्या कोणाकडे मालकीचा कागद असणार?

मालकीवरून तुझ्याच मालिकेतलं आठवतं. दुसऱ्या सीझनमध्ये दोघे भाऊ आपलं राहतं घर एलेनाच्या नावावर करून देतात. का, तर मालकीण जिवंत माणूस असली की तिनं बोलावल्याशिवाय कोणी व्हॅम्पायर आत येऊ शकत नाही. सही होते आणि ते दोघं भाऊच आपल्या दाराबाहेर उभे राहतात. ती 'या' म्हणेल तेव्हा आत. भाचीनं मला तो भाग मुद्दाम दाखवला आणि मला तुझी आठवण आली. तुझ्या गोष्टी अजून दुसऱ्यांच्या घरात राहतायत. ग्रुप चालवणाऱ्यानं ठरवलं की दोन मिनिटांत नाहीशा. त्या आधी उतरवून घे. एक प्रत फोनमध्ये ठेव आणि आवडत्या गोष्टी वहीत हातानं लिही. ऑनलाइन ठेवायच्या तर 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' आहे. चाहत्यांनीच स्वयंसेवक म्हणून उभं केलेलं आणि चालवलेलं, जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला, विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या दुनियेतला तो मोठा मान आहे. तिथं खातं तुझ्या नावाचं असेल आणि गोष्ट ठेवायची की काढायची हे तूच ठरवशील.

पण दुसऱ्या नंबरवरून ग्रुपमध्ये शिरतेस, ते आजपासून बंद कर. त्या घरात तुला कोणी 'ये' म्हटलेलं नाही. बंद दाराच्या फटीतून आपल्याबद्दल कोण काय बोलतं ते ऐकत बसलं की झोप कशी लागेल? तो नंबर ग्रुपमधून काढ, रात्री नऊनंतर फोन आईच्या खोलीत चार्जिंगला लाव. आठ दिवस जीव तळमळेल. मग कमी होईल.

मैत्रिणीला निरोप एकदाच दे, तोही चोरवाटेनं नाही. तुम्हा दोघींशी जिचं बरं आहे, अशी कोणी ग्रुपमध्ये असेलच, तिच्या हाती दे. काय लिहायचं तेही सांगते: "टीपेतलं ते वाक्य चुकीचं होतं, मी ते काढलं आहे. तुला लागलं असणार. तू मला विश्वासानं जे सांगितलंस ते माझ्याजवळच आहे आणि माझ्याजवळच राहील. गोष्ट मी ठेवली आहे. बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे." एवढंच. तिनं किती दुखावलं, कोण पहिल्यांदा बोललं, यातलं काही नको. तिचंही चुकलं आहे. एकटीत विचारायचं ते तिनं सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं आणि तुला बाजू मांडायची जागाही ठेवली नाही. पण तिच्या चुकीची माफी तिनं मागायची आहे. उत्तर येईलच असं नाही. नाही आलं तरी निरोप पुन्हा पाठवू नकोस.

जेवणझोपेचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. दीड महिना फार होतो. आणखी आठ-दहा दिवसांत उतार पडला नाही तर १४४१६ वर फोन कर. 'टेली-मानस' ही सरकारची सेवा आहे. फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. कारण काय सांगू म्हणून अडू नकोस. "मैत्रीण तुटली" एवढं कारण त्यांना पुरतं.

राहिली आई. ती पोराचं समजते कारण तू गप्प आहेस, आणि गप्प बसलेल्या पोरीचं दुसरं कारण तिला कोणी शिकवलेलंच नाही. सध्या तुरीला शेंगा भरल्या असतील. संध्याकाळी ती सोले काढायला बसली की तिच्यासमोर परात घेऊन बस. लगेच व्हॅम्पायर सांगू नकोस. आधी तिला विचार, लग्नाच्या आधी तुझी मैत्रीण कोण होती. नाव विचार. नदीवर, वेचणीला, शाळेच्या वाटेवर कोण सोबत असायचं, तिचं लग्न कुठं झालं, पुन्हा कधी भेटली का. आपल्याकडच्या बायांची एक एक मैत्रीण अशी माहेरच्या वेशीपाशी सुटलेली असते आणि तिचं नाव त्यांना वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही. आई आधी म्हणेल, आता कायले त्याचं. तू शेंगा सोलत राहा. ती सांगेल. तिचं सगळं ऐकून घे, आणि मग तुझं सांग. डेमनपासून सुरुवात केलीस तरी चालेल.

— तुझी मावशी