दुखापतीनंतर बीएमएक्सचा रायडर गेटवर थिजतो तेव्हा

तुमचा प्रश्न असा: पंधरा वर्षांचा मुलगा बीएमएक्स रेसिंगमध्ये (छोट्या सायकलींची, उंचवटे आणि वळणं असलेल्या छोट्या ट्रॅकवरची शर्यत) भराभर वर आला, शर्यतीत पडून कॉलरबोन मोडलं, आता हाड जुळलंय, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पण गेटवर (स्टार्टला चाकांपुढे उभा असलेला, शर्यत सुटताच खाली पडणारा अडसर) गेला की तो थिजतो. तो पुन्हा पहिल्यासारखा होईल का, आणि पुढच्या महिन्यातल्या शर्यतीत त्याचं नाव द्यावं का?

मी नवव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत ही शर्यत खेळलो आणि सोळाव्या वर्षी नेमका तुमच्या मुलाच्या जागी होतो. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 'पहिल्यासारखा' या शब्दाबद्दल. तेराव्या वर्षी मी बहुतेक शर्यती जिंकायचो, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे माझी उंची आणि ताकद इतरांच्या आधी वाढली होती. ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. मी काही महिने बाहेर बसलो तेवढ्यात बरोबरीची मुलं वाढली. परतल्यावर मागे पडलो, तर सगळा दोष त्या मोडलेल्या हाडाला दिला. तुमचा मुलगाही कदाचित आता वेगळ्याच मुलांशी स्पर्धा करतोय. जुन्या वेळा आणि जुने क्रमांक त्याच्यासमोर काढू नका.

आता गेट. स्टार्टला ध्वनिमुद्रित आवाज येतो, 'रायडर्स रेडी, वॉच द गेट', आणि मग गेट पाडणारे बीप वाजेपर्यंत शांतता. ती किती वेळाची असेल हे मुद्दाम अनिश्चित ठेवलेलं असतं, सेकंदाच्या दहाव्या भागापासून जवळपास पावणेतीन सेकंदांपर्यंत, म्हणजे कुणी अंदाजाने आधी निघू नये. पडण्याआधी ती शांतता मला कधी ऐकूच आली नव्हती. पडल्यानंतर तेवढ्या वेळात संपूर्ण अपघात डोळ्यांसमोरून जायचा. पाय पेडलवर, पुढचं चाक गेटला टेकलेलं, आणि मांड्या दगडासारख्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोराची हिंमत गेली. तसं नसतं.

माझ्याकडून सगळे जंप, म्हणजे उंचवट्यांवरच्या उड्या, करून घेत होते. डबल (जोडीचे उंचवटे), रिदम सेक्शन (ओळीने येणारे उंचवटे), पुन्हा पुन्हा. ते मला व्यवस्थित जमत होतं आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता, कारण मी जंपवर पडलोच नव्हतो. पहिल्या बर्ममध्ये, म्हणजे कडेला उंच बांध असलेल्या वळणावर, शेजारच्याचं हँडल माझ्या कोपराला लागलं होतं. मला भीती होती दुसऱ्या माणसाच्या स्पर्शाची. हे एका प्रशिक्षकाने ओळखलं. त्याने मला आणि आणखी एका रायडरला गवतावर, चालण्याच्या वेगात, कोपराला कोपर लावून सायकल चालवायला लावली. एकमेकांना हलकेच ढकलायचं, चाकाला चाक घासलं तरी तोल सांभाळायचा. तीन आठवडे जवळजवळ एवढंच. मग गेटवर एकट्याने, गेट पडल्यावर नुसतं खाली उतरायचं. मग पहिली तीन पेडल जोरात. मग शेजारी एकच जण, ज्याच्यावर माझा विश्वास होता तो. मग चौघे. आठ जण एकत्र सगळ्यात शेवटी.

म्हणून मुलाला 'घाबरू नकोस' म्हणण्याऐवजी विचारा, की त्या शांततेत तुला नेमकं काय दिसतं? उत्तर यायला कदाचित आठवडा लागेल. ते आलं की सराव कशाचा करायचा हे कळेल.

एक गोष्ट मी चुकलो, ती तुम्ही होऊ देऊ नका. मी घाईने परतलो, दुसऱ्यांदा पडलो आणि या वेळी डोकं आपटलं. डोकेदुखी, उजेडाचा त्रास, सगळं लपवलं, कारण महत्त्वाची शर्यत जवळ होती. हाडाचं एक्स-रेत दिसतं, मेंदूला बसलेल्या हादऱ्याचं बहुतेक वेळा दिसत नाही. मुलगा पडला तेव्हा डोकं आपटलं होतं का, नंतर झोप किंवा चिडचिड बदलली का, हे डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारा. हेल्मेटला मार बसला असेल तर ते वरून धड दिसलं तरी बदला.

मोठ्या खेळाडूंचं बघायचं तर टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा उपांत्य फेरीत पडली. त्याच्या आदल्याच वर्षी तिच्या भावाला, काईला, शर्यतीत पडून मेंदूला गंभीर इजा झाली होती. ती खेळ सोडण्याच्या बेतात होती, आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला तिने सुवर्ण जिंकलं. ब्रिटनची बेथनी श्रायव्हर, टोकियोची विजेती, पॅरिसच्या काही आठवडे आधी कॉलरबोन मोडून घेऊन आली आणि अंतिम फेरी गाठली. तिथे ती आठवी आली, पण तेवढ्याने ते परतणं मला लहान वाटत नाही. आणि टोकियोत सायासारखाच उपांत्य फेरीत पडलेला अमेरिकेचा कॉनर फील्ड्स, 2016 चा सुवर्णविजेता, मेंदूत रक्तस्राव झाल्यावर पुढे स्पर्धात्मक खेळातूनच बाजूला झाला. तोही निर्णय मला तितकाच धीराचा वाटतो. तुमच्या मुलाने थांबायचं ठरवलं तर घरात त्याला हरल्यासारखं वाटता कामा नये.

मला नीट परतायला अकरा महिने लागले. त्यानंतरच्या पहिल्या शर्यतीत सहावा आलो. बर्ममध्ये कुणाचं तरी कोपर लागलं होतं, हे मला रेषा ओलांडल्यावर आठवलं.

पुढच्या महिन्यातल्या शर्यतीत नाव देऊ नका. सरावाला त्याच्याबरोबर जा, स्टॉपवॉच घरी ठेवा, आणि 'माझं नाव दिलंत का' हे त्याने स्वतःहून विचारेपर्यंत थांबा.