‘कुंपण – पैसे उरले तर’

तुमचं पत्र चांगलं चार पानी आहे आणि त्यातलं तिसरं पान मी दोनदा वाचलं. तिकडे परदेशात घर घेऊन सात वर्षं झाली, मागची जागा रिकामीच, मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीचचा, आणि यंदा ‘काही झालं तरी स्विमिंग पूल करायचाच’ असं तुम्हा नवरा-बायकोचं ठरलंय. खर्चाचा तक्ताही जोडलाय. खोदकाम, काँक्रीट, टाइल्स, पंप आणि फिल्टर, पाण्याखालचे दिवे, छोटासा धबधबा, भोवतीची फरशी, आरामखुर्च्या. आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीने: ‘कुंपण – पैसे उरले तर.’

तुम्ही पाच प्रश्न विचारलेत. या ओळीबद्दल एकही नाही. म्हणून मी मुख्यतः तिच्याबद्दलच बोलणार आहे, रागावू नका.

‘अंगणाला तिन्ही बाजूंनी उंच फळ्या आहेत, बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही,’ असं तुम्ही लिहिता. बाहेरच्यांचं जाऊ द्या हो. तुमचा अडीच वर्षांचा मुलगा आधीच आत आहे! त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये काय आहे, तर सरकतं काचेचं दार, जे उन्हाळ्यात दिवसभर उघडंच असतं. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रण संस्थेने, हेच आकड्यांत सांगितलंय: नुसत्या आवाराच्या कुंपणापेक्षा पूलला चारही बाजूंनी वेगळं कुंपण असेल, तर मूल बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी होतो. त्या देशात एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बुडणं हे आहे, आणि या वयाची मुलं सर्वांत जास्त बुडतात ती पूलमध्येच.

आता आमच्या घरचं सांगते. पूल झाला तेव्हा धाकटी तीन वर्षांची होती. कुंपण आम्ही केलं होतं, तेवढी अक्कल होती. पण फाटकाला आपोआप मिटणारी बिजागरी लावायची, तर आमच्या ह्यांनी साधी लावली. ‘आपण काय फाटक उघडं टाकून जाणार आहोत का?’ मोठ्या मुलीच्या वाढदिवसाला बावीस माणसं होती. खुर्च्या ने-आण करायला सोयीचं म्हणून कुणीतरी फाटकाला झाडाची कुंडी लावून ठेवली. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही. मी ट्रे घेऊन बाहेर आले तर धाकटी पूलच्या दुसऱ्या पायरीवर, छातीभर पाण्यात, तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बदकाकडे हात लांबवून उभी. आवाज नाही, काही नाही. दहा पावलांवर सासूबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मला वाटलं तू आहेस तिथे.’ मला वाटलं होतं, त्या आहेत.

बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हातपाय आपटत हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, श्वास घेता घेता त्याला ओरडायला फुरसतच नसते. म्हणून ‘आम्ही घरातच असतो, ऐकू येईल’ हे तुमचं वाक्यही मी खोडतेय.

आणि आपल्याकडचा खास प्रकार. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, आपण दोघं कामावर, नातवंडं त्यांच्याजवळ. तुमच्या सासूबाई ‘पाण्याला घाबरतात, म्हणून पूलच नको म्हणतात’ असं तुम्ही जरा हसून लिहिलंय. त्या घाबरतात कारण त्यांना पोहता येत नाही आणि दुपारी मुलं सांभाळायची त्यांनाच आहेत. मला तर त्यांचंच बरोबर वाटतं. त्यांना फाटकाचा खटका दोन-चारदा स्वतः उघडून बघू द्या. तिथला आपत्कालीन क्रमांक आणि घराचा पत्ता तिथल्या भाषेत सांगायची सवय करून द्या. माझ्या सासूबाईंनी तो फ्रिजवर देवनागरीत लिहून घेतला होता. सीपीआर, म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबून करायचा प्रथमोपचार, मात्र तुम्ही दोघांनी शिकाच, आणि तोंडाने श्वास देण्यासकट, कारण बुडालेल्या माणसाला आधी हवा हवी असते.

कुंपण कसलं? उंची निदान १.२ मीटर. उभ्या गजांमधली फट आणि खालची फटही १० सेंटिमीटरपेक्षा कमी. मधे आडवी पट्टी नको, तिची शिडी होते. फाटक पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडणारं, सोडलं की आपोआप मिटणारं आणि खटक्यात बसणारं, खटका मुलांच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर. कुंपणाच्या जवळपास खुर्ची, कुंडी, एसीचं बाहेरचं यंत्र, चढता येईल असं काही नको. तुमच्या गावचे नियम याहून कडक असतील तर ते पाळा. ऑस्ट्रेलियात तर ३० सेंटिमीटरहून खोल पाणी मावेल अशा घरगुती पूललाही कुंपण कायद्यानेच लागतं. पाण्यावर पसरायचं बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचं ऊन धरणारं आवरण म्हणजे झाकण नव्हे. त्यावर मूल पडलं तर ते त्याच्याखाली गुंडाळलं जातं.

‘नंतर करू’ हे हिशेबातही महाग पडतं. खांबांसाठीच्या नळ्या फरशीखालच्या काँक्रीटमध्ये आधीच बसवल्या तर खर्च किरकोळ. नंतर तुम्ही हौसेने निवडलेल्या त्याच टाइल्सना भोकं पाडावी लागतात, आणि एखादी तरी तडकतेच. बऱ्याच ठिकाणी कुंपणाची तपासणी झाल्याशिवाय पूल भरू देत नाहीत. खोदकाम चालू असतानासुद्धा तात्पुरतं कुंपण हवं. पावसाने भरलेला खड्डा हाही पूलच.

पैसे कुठून आणायचे? तुमच्या मापांतूनच. तुम्ही १० मीटर बाय ५ मीटर म्हणता, सरासरी खोली दीड मीटर. म्हणजे ७५ हजार लिटर. ८ बाय ४, खोली १.४ केलीत की साधारण ४५ हजार लिटर. भोवती मीटरभर जागा सोडून कुंपणाची लांबी ३८ मीटरवरून ३२ वर येते. पंप लहान लागतो, क्लोरीन कमी, तापवायला कमी, आणि हे दरवर्षी. चार पोरांना डुंबायला ८ मीटर भरपूर होतात. लांबच लांब पोहायचं स्वप्न तुमच्या मिस्टरांचं आहे, हे पत्रातून लगेच कळतं. त्यांना सार्वजनिक तलावाचा पास काढून द्या. धबधबा आणि दिवे पेन्सिलीच्या ओळीत टाका, कुंपण शाईने वर आणा. आणि एकूण रकमेवर १० ते १५ टक्के निराळे ठेवा, कारण जमिनीखाली खडक लागतो की जुनी नळी, हे खणल्यावरच कळतं.

बाकीचे प्रश्न भराभर घेते. काँक्रीट की फायबरग्लास? घाई असेल तर फायबरग्लास, तयार टाकी क्रेनने येऊन बसते. फक्त ती क्रेन आणि खोदयंत्र आत शिरेल एवढी वाट आहे का ते मोजा. ‘मिठाचा पूल म्हणजे क्लोरीनमुक्त ना?’ नाही. यंत्र त्या मिठापासून क्लोरीनच बनवतं, आणि त्यातला सेल, म्हणजे क्लोरीन बनवणारा भाग, काही वर्षांनी बदलावा लागतो. तापवायचं असेल तर हीटरच्या आधी आवरण घ्या, पूलमधली सर्वांत जास्त उष्णता बाष्पीभवनाने जाते. पंप वेग बदलता येणारा घ्या: वेग निम्मा केला की तासाला लागणारी वीज जवळपास आठव्या हिश्शावर येते. जमिनीतलं पाणी वर असेल तर पूल कधीही स्वतः रिकामा करू नका, रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाते. विमा कंपनीला आधी कळवा. घराची किंमत वाढेल का, हे कृपया मला विचारू नका. पोहायचं नसेल तर बांधू नका.

आणि हो, पार्टीच्या दिवशी पाण्यावर नजर ठेवणारा एकच माणूस नेमायचा. आमच्याकडे लाल टोपी आहे. ज्याच्या डोक्यावर टोपी, त्याने पंधरा मिनिटं फोन, गप्पा, काही नाही. मग टोपी पुढच्याच्या डोक्यावर. माझे दीर पहिल्यांदा हसले होते. आता घरात शिरल्या शिरल्या तेच टोपी शोधतात.

राहिला टाइल्सचा रंग. ‘गडद निळा की फिकट? गडद फोटोत फार सुंदर दिसतो.’ दिसतो खरा. पण फिकट घ्या. गडद तळावर पडलेलं काही वरून दिसत नाही. बघा, फिरून फिरून मी पुन्हा तिथेच आले.