झिरकोनिया ब्रिजसाठी एसआयपी थांबवावी का?

नाशिकच्या सिडकोतल्या एक शिक्षिका विचारतात: "खालची दाढ काढली आहे. कॉलेज रोडच्या डॉक्टरांनी तीन दातांच्या ब्रिजचे, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधारावर बसणाऱ्या खोट्या दाताचे, दोन भाव सांगितले. मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर पोर्सिलीन) १५,००० रुपये. कॉम्प्युटरवर कोरलेला झिरकोनिया (धातूऐवजी पांढरं, टणक सिरॅमिक) ३६,०००, सोबत १५ वर्षांची वॉरंटी. त्यासाठी एसआयपी थांबवू की कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय घेऊ?"

ताई, एसआयपीला हात लावू नका. ईएमआयकडे नंतर येऊ. वरचे २१,००० रुपये नेमके कशाचे, ते आधी पाहू.

वॉरंटी कार्ड बारीक अक्षरांसकट वाचा. झिरकोनिया तुटला तर नवा करून मिळेल, एवढंच त्यात असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, कारण तो सहसा तुटतच नाही. झुरिकमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष मांडले. झिरकोनियाचे ९७.८ टक्के आतले सांगाडे शाबूत होते, पण तोंडात टिकलेले ब्रिज मात्र ७३.९ टक्केच. २१.७ टक्के ब्रिजच्या आधाराच्या दातांना कीड लागली होती, आणि १५.२ टक्के ब्रिजवरच्या पोर्सिलीनचे टवके उडाले होते. ब्रिज कोरणारी ती यंत्रं अगदी सुरुवातीची, कडा नीट बसत नसत. आजच्या ब्रिजला तेच आकडे लावणं अन्यायाचं होईल. तरी २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं पाच वर्षं टिकण्याचं प्रमाणही मेटल-सिरॅमिकला ९४.४ आणि झिरकोनियाला ९०.४ टक्के आलं. म्हणजे जास्त पैसे मोजले म्हणून जास्त वर्षं मिळतील, हे गृहीत धरू नका. कीड लागली तर खर्च कोणाचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

खोट्या दागिन्यांनी तुमचे कान चिघळत असतील तर गोष्ट वेगळी. ती बहुधा निकेलची ॲलर्जी, आणि मेटल-सिरॅमिकच्या धातूतही बऱ्याचदा निकेल असतं. मग झिरकोनियाच घ्या, आणि मागच्या दाढेसाठी सलग एकाच तुकड्याचा मागा. वर पोर्सिलीनचा थरच नसल्याने टवक्यांची कटकट जाते. रंग जरा सपाट दिसतो, पण तिथे बघतंय कोण!

तसं कारण नसेल तर मी १५,००० वालाच निवडेन. उरलेले २१,००० सात टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर कर धरण्याआधी ४१,००० च्या आसपास होतात. ब्रिज पुन्हा करायची वेळ आली तर तेच कामाला येतील. त्यातूनच दरवर्षीची तपासणी आणि ब्रिजखाली फिरवायचा छोटा ब्रश भागवा. झोपेत दात खायची सवय असेल तर रात्रीचा गार्डही.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज सवलतीच्या नावाने वळतं होतं, पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा तुमच्याच माथी येतो. १५,००० साठी हे कशाला? बचत खात्यातून द्या, पक्कं बिल घ्या. मेडिक्लेमवर फार भिस्त नको. अपघात नसेल तर दातांचा खर्च सहसा नाकारला जातो. ओपीडी कव्हर आहे का, तेवढं बघून घ्या.

आणखी एक, खरं तर हे आधीच विचारायला हवं होतं: शेजारचे दोन दात धड आहेत का? ब्रिजसाठी ते घासावे लागतात. त्यांना आधीच कॅप किंवा मोठं फिलिंग असेल तर ब्रिज ठीक. अगदी निरोगी असतील तर इम्प्लांटचा, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या दाताचा, भावही मागवा आणि पंचवटीतल्या डेंटल कॉलेजात दुसरं मत घ्या. तोवर कुठेच ॲडव्हान्स देऊ नका.